बायकांची बिछायत

आमच्या भातकुलीकडच्या गावात लग्न निघालं की मांडव, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाचे गंज, सगळं भाड्यानं अमरावतीहून यायचं. या धंद्याला आमच्याकडे बिछायत म्हणतात. बचत गटातल्या आम्ही पाच जणींनी कर्ज काढून ती सुरू करायचं ठरवलं, तेव्हा गावातल्या पुरुषांना हसायला अख्खा हंगाम पुरला. पापड लाटा, मसाला कांडा, असे सल्ले देणाऱ्यांत असेही होते ज्यांनी जन्मात स्वतःच्या घरी एक खिळा ठोकला नव्हता.

"बाया मांडव उभा करतीन, मंग आमी काय पोया लाटू?" एकानं विचारलं.

माझी सासू ओट्यावरून म्हणाली, "लाटून पाह्य. गोल झाल्या का ते सांगजो."

पहिला मांडव सरावासाठी शाळेच्या मैदानात घातला. तो एका बाजूला झुकला आणि पानटपरीवरच्या मंडळींची दिवाळी झाली. दुसरा सरळ उभा राहिला, तो बघायला मात्र कुणी फिरकलं नाही.

शिडीवर चढायचं काम आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीचं. नवरा अपघातात गेल्यावर ती माहेरी परत आली होती. उंचीची भीती म्हणून तिला नव्हती. आम्ही खालून पाइप धरायचो, वरच्या गाठी सगळ्या ती मारायची.

गावात एक पुढारी होते. महिला दिनाला त्यांच्या हातात माइक आला की सुटायचा नाही. स्त्री म्हणजे शक्ती, असं ते घसा खरवडून सांगायचे, तेव्हा त्यांची बायको आत पाहुण्यांचा चहा गाळत असायची. मुलीचं लग्न ठरलं तसे ते स्वतः माझ्या दारात आले. "आपल्या गावच्या लेकीईले काम भेटलं पायजे," म्हणाले. सोबत फोटो काढायला माणूस आणला होता. आम्हाला पाइप हातात धरून हसायला लावलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मांडव अर्ध्यावर आला होता. अकोल्याहून आलेली त्यांची बहीण दारात उभी राहिली. शिडीवरच्या मुलीकडे पाहून कुणाला तरी काही विचारलं आणि तोंड वाकडं करून आत गेली. लगेच पुढारी बाहेर आले. वर न बघता मला म्हणाले, "त्या पोरीले खाली उतरव. घरी पाठव तिले."

"काहून?"

"समजून घे नं. शुभकार्य आहे. मी नाई मानत असं काई, पन घरच्या बायाईले कोन समजावनार?"

अख्ख्या तालुक्यातल्या बायकांना समजावत फिरणारा माणूस हा.

वर तिनं सगळं ऐकलं होतं. खाली उतरली आणि पुटपुटली, "राहू द्या नं. घरी जाऊ का मी?"

माझं डोकं फिरलं. "काका," मी म्हटलं, "वरच्या साऱ्या गाठी हिच्याच हातच्या आहेत. तिचा हात नाई चालत, तं गाठी कशा चालतीन?"

ते हसले. "गाठीचं काय घेऊन बसली तू?"

मी तिला म्हटलं, "चढ. सोड सगळ्या."

तिनं आमच्या चौघींकडे पाहिलं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा नवरा याच पुढाऱ्याच्या शेतात कामाला होता. तिनंच पुढं होऊन शिडी धरली. एकेक गाठ सुटत गेली, कापड खाली आलं. अकोल्याच्या बाई 'अपशकुन, अपशकुन' ओरडत अंगणभर फिरल्या. पुढारी म्हणाले, "या गावात तुमाले एक काम भेटू देनार नाई." आम्ही सामान ऑटोत भरून निघून आलो.

खोटं कशाला सांगू, लग्न झोकात झालं. अमरावतीहून रातोरात दुसरा मांडव आला. आणि दिलेला शब्द पाळायची बुद्धी पुढाऱ्यांना जन्मात एकदाच झाली. तो हंगाम गावानं आमच्याकडून एक खुर्चीसुद्धा नेली नाही. कर्जाचा हप्ता आम्ही दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून भरला.

मग शेजारच्या गावातून एक म्हातारी खाला आली. नातीचा निकाह होता. "वो लड़की आएगी ना, जो ऊपर चढ़ती है?"

मी म्हटलं, "आपको चलेगा?"

"चलेगा क्या मतलब? हवा में मंडप उड़ना नहीं चाहिए, बस."

तो उडाला नाही. नंतर आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतली दोन लग्नं मिळाली, पुढं आजूबाजूच्या गावांतून निरोप येऊ लागले. लग्नसराईत आता आम्हाला जेवायला फुरसत नसते.

यंदा त्याच पुढाऱ्यांचा पुतण्या साखरपुड्याचं काम घेऊन आला. शिडीवर कोण चढणार ते मी आधीच सांगितलं. तो जमिनीकडे बघत 'हो' म्हणाला. कामाच्या दिवशी पुढारी मधोमध खुर्ची टाकून बसले आणि कापड कुठं ढिलं आहे ते आम्हाला दाखवू लागले. जुनं काही आठवत असल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. अशा माणसांना ती सोय असते.

वरून ती म्हणाली, "काका, सरका जरा. पाइप खाली येऊन राहिला."

ते खुर्ची उचलून सरकले.