चांद्याच्या वाटची हळद

पोळ्याची हळद कालवली का मले अजूनबी गोजराआत्या आठोते. माह्या बापाची बहीन. आमच्या किन्हीराजा गावात तिच्यासारखी फटकळ बाई दुसरी झाली नाई, आन होनारबी नाई! भरल्या जवानीत नवरा गेला, पन चांद्या-पाखऱ्याची बैलजोडी मोटेले जुपून तिनं एकटीनं वांग्या-मिरच्याचा मळा पिकवला. जोडी थांबली का मळा वाळला, हे तिले पक्कं ठाऊक होतं.

इंग्रजाच्या राजात पयल्यांदा ढोराचा डाक्टर घटसर्पाची सुई घेऊन आला, तवा सारं गाव ढोरं घेऊन रानात पळालं. आत्यानं मात्र आपले दोनी बैल पुढं केले. पावसाळ्यात घटसर्पाची साथ आली. गळे सुजून गावचे बैल पटापट पडले, आन आत्याची जोडी मोट वढून राह्यली होती. मंग काय इचारता! आत्याचा तोरा पाहून घ्यावा.

दुसऱ्या साली सारं गाव बैल घेऊन चावडीपुढं हजर. आत्याच नाई! डाक्टर मळ्यात गेला, त्याच्यामागं आमीबी गेलो. "बाई, या सुईचा जोर सालभरच राह्यते. पुन्हा टोचा लागते."

आत्यानं दंडावरचा देवीचा वण दाखवला. "हे लहानपनी टोचलं, आजवर पुरलं. बैलाले काहून पुन्हा? लग्नाची हळद का दरसाल लावतेत?"

आमी सारे खदखदा हासलो. "देवीचं येगळं, घटसर्पाचं येगळं," डाक्टर म्हनत राह्यला, पन आयकते कोन?

पोळ्याच्या तोंडावर चांद्याचा गळा सुजला, घरघर लागली. आत्या त्याचं मुंडकं मांडीवर घेऊन बसली. दिवस बुडाच्या आत चांद्या गेला. पाखऱ्या कसा वाचला, देव जाने.

पोळ्याच्या आदल्या सांजी बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळाचे आन "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हनाचं, ही आपली रीत. आत्यानं सवयीनं दोघाची हळद कालवली. पाखऱ्याचा खांदा चोळला; अर्धी वाटी तशीच राह्यली.

"बैलाले तं दरसालच लावतो ना व आपन हळद! मले तवा काहून नाई सुचलं, व माय?" असा आत्यानं हंबरडा फोडला.

तवापासून डाक्टर आला का आत्या हळदीची वाटी घेऊन चावडीपुढं उभी. ज्याचा बैल दिसला नाई, त्याच्या घरी जाऊन भांडन काढे. आन टोचलेल्या एकेका बैलाच्या खांद्याले हळद लावून त्याच्या कानात म्हने, "आवतन घे रे बापा, पोळ्याले जेवाले ये."