तानुबाईची बिनधुराची चूल

आमची सासू तानुबाई लय फटकळ. नांदायला आले त्या साली माझी भाकर हातात घेऊन म्हनली, "सुगंधा, ही भाकर हाय का पेंडीचा तुकडा?" मीबी काय गप बसनारी? म्हनलं, "आत्याबाई, धुरात मला दिसायलंय कुठं?" ते खरंच होतं. डोळे लाल व्हायचे, पानी खळायचं न्हाई. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, धूर बंद करा, न्हाईतर नजर जाईल.

शहाऐंशी साली आमच्या बोरी गावात ग्रामसेविका बिनधुराची चूल दाखवायला आली. दोन भांडी एकदम बसतील असे दोन वैल, मागं शिमिटाचा पाइप थेट घराच्या धाब्याच्या वर. सासूनं ते बघितलं अन् घरी येऊन आपली जुनी चूल सोताच फोडली. नवी चूल वाळता वाळता तडकली. मग तिनं मातीत ज्वारीचं भुसकट अन् शेळ्यांचे कातरलेले केस घालून गारा तुडवला. ती चूल मातर टिकली. निम्म्या पऱ्हाट्यांच्या सरपनात सैपाक व्हायला लागला, माझे डोळे निवळले. सासू गल्लीभर मिरवली, अन् का मिरवू नये?

पन सासूची खरी ऐट होती बियाची. सुगीत निवडलेली ज्वारीची कनसं ती चुलीवर तुळईला टांगायची. पेरनीला निम्मी बोरी तिच्याकडंच बी मागायला यायची. त्या साली कनसं काढली अन् नुसता भुगा गळला. सगळ्या बियात सोंडे किडे! इतकी वर्सं धुरानंच बी राखलं होतं, हे घरात एकालाबी सुचलं न्हवतं. आमची अक्कल काय चरायला गेली होती, देव जाने. दारात आलेली मानसं रिकामी परतली. सासरे किशनराव कडाडले, "फोड ती चूल! हाय ती अब्रू चालली."

सासू कनसं मांडीवर घेऊन बसली होती. तिचं तोंड बघून मी तिच्याजवळ जाऊन बसले. मी म्हनलं, "फोडा आत्याबाई. मी सोसते धूर."

"गप बस, मोठी आली सोसनारी!" ती खेकसली. "बी काय, पदर पसरून कुनाकडूनबी आनीन. तुझे डोळे कुनाच्या दारात मागू?"

अन् उठली. जिच्या बियाला ती जन्मभर 'पाखरांचं खानं' म्हनत आली, त्या धुरपताबाईच्या दारी, भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत रिकामी पाटी घेऊन गेली.