दुसऱ्यांदा विचारायची रीत

आमच्या अप्पांचं मुरुडला कापडाचं दुकान. गिऱ्हाईक चहाला नको म्हणालं की अप्पा पुन्हा विचारायचे, आणि तरी नको म्हणालं तर कप हातातच द्यायचे. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट, असं आमच्या घरात मानत. हीच शिकवण घेऊन मी लातूरला नर्सिंग केलं आणि जर्मनीत एका वृद्धाश्रमात नोकरीला लागले.

पहिल्याच आठवड्यात सोबतच्या तिथल्या सिस्टरनं वाढदिवसाचा केक आणला. घेणार का, म्हणाली. मी नको म्हणाले. तिनं बरं म्हणून डबा पुढच्या बाईकडं सरकवला, अन् मी उपाशीपोटी म्हाताऱ्यांच्या चादरी बदलत बसले. अशी दोन-चारदा फजिती झाल्यावर शहाणी झाले. खायचं विचारलं की आधी हो म्हणायचं, काय आहे ते मग बघायचं. तशा त्या बायका वाईट नव्हत्या. भाषा अडली की माझ्यासाठी सावकाश बोलायच्या.

मग अप्पांच्या किडन्या गेल्या. भाऊ फोनवर म्हणाला, "डॉक्टरनं हात टेकले. अप्पा सारखं तुझंच नाव काढायलेत. ये लवकर." मी मोठ्या सिस्टरला सगळं सांगितलं. तिनं मला आणि त्या केकवालीला समोर बसवलं. सुट्टी एकीलाच देता येणार होती, आणि केकवालीचं बर्फात खेळायला जायचं आधीच ठरलेलं. मोठी सिस्टर मला म्हणाली, "तुला पाहिजे का?"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "नको, राहू द्या. तिचं आधी ठरलंय." खाण्याचं वेगळं, पण बाप मरायला टेकलाय म्हटल्यावर माणूस दुसऱ्यांदा विचारतंच, असं मी धरून चालले होते. दोघींच्या तोंडाकडं बघत थांबले. केकवालीनं माझा हात दाबला, थँक्यू म्हणाली, आणि दोघी कामाला उठल्या.

दिलेला शब्द मागं घ्यायची लाज वाटली. हिय्या करून पुन्हा गेले, तोवर ती गावाला निघून गेली होती. इकडं अप्पा व्हिडिओवर विचारायचे, "निघालीस का गं?" मी म्हणायचे, "हाव अप्पा, निघायले." ती परत यायच्या आत अप्पा गेले.

"तू नको म्हणाली होतीस ना," केकवाली रडत म्हणाली. खरंच बोलली, म्हणूनच तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आता मात्र मला कुणी काही विचारलं नाही. सुट्टी आपणहून दिली.

तेरवीला पोचले. पंगतीत काकू बुंदी घेऊन आली. मी नको म्हणाले.

"घे गं, अप्पांच्या नावाचं हाय."

मी पुन्हा नको म्हणाले आणि पान हातानं झाकलं. काकूनं माझा हात बाजूला केला आणि वाढलंच.