बू दर्या म्हणजे कोण?

आखातातल्या मुहर्रक बेटाच्या मोतीवाल्या गलबतांवर मर्हून दोर ओढायचा. बुडी मारणाऱ्याने खालून नुसता हिसका दिला, तरी याच्या तळहाताला कळायचं. बावीस हंगामांत त्याच्या दोरावरचा एकही माणूस दगावला नाही. हे तो छाती पुढे काढून सांगायचा. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगायचा नाही.

दिवस नुकताच बुडाला होता. पाण्यातून हाक आली, "वर घ्या रे! माणूस आहे मी!"

मर्हूनने दोराचं वेटोळं उचललं. नाखव्याने ते हिसकावून घेतलं. "अक्कल गहाण ठेवलीस का? बू दर्या आहे तो! बुडणाऱ्याचं सोंग घेतो आणि वर घेतला की गलबत फोडतो. ओरडा रे! करवत आणा! वाकस आणा!"

हत्यारांची नावं ऐकली की तो पळतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"अरे, मी सालमीन! वदीमाचा नवरा!"

"बघा, नावंसुद्धा चोरतो लेकाचा," नाखवा म्हणाला.

सालमीन शेजारच्या गलबतावरचा, मर्हूनच्याच गल्लीतला. आवाज त्याचाच होता. तरीही मर्हून ओरडला, "करवत आणा!" सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला. हाक थांबली. पळाला, पळाला, म्हणत सगळे हसले. बुडणारा माणूसही असाच गप्प होतो, हे कुणी तोंडातून काढलं नाही.

सकाळी सालमीन हरवल्याची बातमी आली. गावाने ठरवून टाकलं, बू दर्याने नेला. झालं! सगळ्यांचे हात कोरडे.

तीस वर्षांत मोत्यांचा धंदा बसला, तो नाखवाही गेला. शाळेतला हुमूद मास्तर जुने शब्द लिहून घेत कहव्याच्या दुकानात यायचा.

"मर्हूनकाका, 'बू' म्हणजे बाप, धनी. 'दर्या' आपल्या अरबीतला नाही, पलीकडच्या इराणी किनाऱ्याचा. दोन्हीकडचे खलाशी एका फळीवर बसले, तिथेच जुळला असणार. दर्याचा धनी!"

"आणखी एक अर्थ लिही," मर्हून म्हणाला. "ज्याला वर घ्यायची आपली छाती होत नाही, तो."

मास्तर हसला. "काका, पुराव्याशिवाय कसं लिहू?"

"पुरावा पाहिजे तुला?" मर्हून ताडकन उठला आणि थेट वदीमाच्या दारात जाऊन थांबला.

ती तांदूळ निवडत होती. "तीस वर्षं या दारावरून मान खाली घालून जातोस. आज वाट चुकलास वाटतं?"

"वदीमा, तो बू दर्या नव्हता. सालमीन होता. मी आवाज ओळखला होता."

तिची बोटं तांदळात थांबली.

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"कितीदा?"

"एकदा. मग आम्ही ओरडलो."

"मग आणखीही घेतलं असेल," वदीमा म्हणाली. "तुमच्या आरड्यात तुम्हाला काय ऐकू येणार?"

ती त्याला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो उंबऱ्याबाहेर उभाच राहिला.