आबांच्या दगडावरची अक्षरं

शनिवारची दुपार. जेवून चटईवर पडलेय. डोळा लागतोय, पण पुरता लागत नाही. वर्षापूर्वी गेलेले माझे वडील, आबा, हस्काजी मास्तर, येऊन चटईच्या कडेला बसतात. टोपी सारखी करतात. मला उठायचंय, उठता येत नाही.

"माझ्या दगडाचं काय केलंस?"

मी सांगते. उद्या पाथरवटाला कागद द्यायचाय. त्याला हिब्रू येत नाही, कागदावर असेल तसं तो कोरतो. गावातल्या सगळ्या कबरींची अक्षरं तुम्ही काढलीत, तुमची काढायला कोण उरलंय? तुमचे विद्यार्थी एकूणएक इस्रायलला गेले. आणि आपल्या कब्रस्तानाचे विश्वस्त सामसनकाका म्हणतात, बाईच्या हातची अक्षरं नकोत, दगड तसाच राहू दे.

"बरोबर म्हणतो तो."

माझं डोकं फिरतं. चटई संपते तिथे आमच्या मशिदीचा माळा लागतो, बायकांचा. आम्ही बेने इस्रायल प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो. खाली सात पोरं मांडी घालून बसलीत. आबा हिब्रू घोकून घेतायत: एकाचे अनेक करा, पुरुषाच्या शब्दाला शेवटी ईम, बाईच्या शब्दाला ओत. मी नऊ वर्षांची, कठड्याआड ओठ हलवतेय. जे शिकले ते असं, चोरून.

"मी वर आहे हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणते. "एकदाही वर बघितलं नाहीत."

"बघितलं असतं तर खाली बोलवावं लागलं असतं."

पोरं नाहीत आता. मी खाली उभी आहे आणि घोट्यापर्यंत खाडीचं पाणी आहे. आबा अगदी समोर.

"मुलगा?"

"येलेद. येलादीम."

"मुलगी?"

"याल्दा. येलादोत."

"बाप?"

"आव. आवीम."

जीभ चावते, पण उशीर झालेला असतो. बाप पुरुष असून त्याला बायकांचा ओत लागतो, हे मला तीस वर्षं पाठ आहे. आबा पाण्यातून पुढे येतात आणि माझा उजवा कान धरून पिळतात. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. असा कान ते फक्त विद्यार्थ्यांचा पिळायचे. माझ्या कानाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

"आवोत," ते म्हणतात. "दगडावर चुकलीस तर परत येईन."

जाग येते. चार वाजलेत. कान ठणकतोय. चाचपते तर बोटांना पांढरं लागतं. खडू. आबा गेल्यापासून या घरात खडूचा तुकडा नाही.

आज शब्बाथ, लिहायचं नसतं. अंधार पडून तो सुटला की अक्षरं काढायला बसणार आहे. सकाळी सामसनकाकांच्या दारावरूनच कागद घेऊन जाईन. कान धुणार नाही.