सुभद्रेचा तळहात

अमरावतीच्या कापसाबद्दल लिहिणारे पुष्कळ झाले. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडे वऱ्हाडात सोन्याचे दिवस आले, असं सगळे कौतुकानं सांगतात. तो कापूस ज्यांनी वेचला, पोत्यांत कोंबला, अंगावर वाहिला, त्यांच्या कातडीचं काय झालं हे विचारायला मात्र कोणाला सवड झाली नाही. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. आमच्या घराण्यात चार पिढ्यांपूर्वी सुभद्रा नावाची एक बाई होऊन गेली. त्या सोन्याच्या दिवसांतले अकरा दिवस तिनं कसे काढले, ते घरात ऐकलं तसं सांगते.

सुभद्रा माळ्याची सून. परकोटाबाहेर नाल्याकाठी त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाला थोडा झेंडू. नवरा पुंजाराम साधा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. सासू मैनाबाई तोंडाची फटकळ, पण सुनेच्या हातचं पिठलं आवडीनं खाणारी. आणि आठ महिन्यांची लेक ठकू, जी आईच्या मांडीवरून खाली ठेवली की घर डोक्यावर घेई. सुभद्रा मुळात भित्री नव्हती. विहिरीजवळच्या थारोळ्यात साप निघाला तर काठीवर घेऊन बांधापलीकडे टाकून यायची आणि पुन्हा निंदायला बसायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जी भीती तिला लागली ती येरागबाळ्या बाईला लागली असं कोणी समजू नये.

१८६४ च्या हिवाळ्यात कापसाच्या वखारीत बायांना बोलावून बोलावून काम देत होते. सुभद्रा दुसऱ्या सालीही गेली. काम पोत्यांची तोंडं शिवायचं. हाताएवढं दाभण, सुतळी, आणि गच्च कोंबलेलं तरट. दाभण बोटांनी रेटत नाही, ते तळहातानं ढकलावं लागतं. शिवून झालं की मुकादम मडक्यातल्या काळ्या शाईत काडी बुडवून पोत्यावर व्यापाऱ्याची खूण काढायचा. ती वाळायची वाट पाहायला वेळ कोणाला होता? गाड्या जुंपलेल्या असायच्या. बाया ओल्या खुणेचं पोतं पोटाशी कवटाळायच्या आणि थप्पीला नेऊन लावायच्या.

एका सकाळी सुभद्रा उठली तर दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. दुपारपर्यंत त्यावर पाण्यानं भरलेले फोड आले. दुसऱ्या दिवशी मानेवर आले, तिसऱ्या दिवशी उजवा कान सुजला आणि गाल असा फुगला की डोळा बारीक झाला. आग तर इतकी की ती घडीघडी हात पाण्यात बुडवायची.

मैनाबाईनं तिचा कान पाहिला आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"पोरी, हातात समजते का तुले?"

"काहून?"

"आमच्या गावात एका बाईले असंच झालं होतं. पहिले कान जाडा झाला, मंग तोंड. तिच्या हाताले काई समजेनासं झालं होतं. चुलीत हात भाजला तरी तिले पत्ता नाई."

त्या बाईला काय झालं होतं ते सासूनं सांगितलं नाही. सुभद्रेनंही विचारलं नाही. महारोग हा शब्द घरात उच्चारायचीसुद्धा तेव्हा भीती वाटे.

ती गोठ्यामागे गेली. बाभळीचा काटा मोडला आणि तळहातात टोचला. काही कळलं नाही. आणखी दाबला, काट्याचं टोक आत रुतलं, तरी काही नाही. ती तिथंच शेणात बसली. एवढी आग होणारा हात समोर होता, पण तो तिला आठवला नाही. तिच्या डोक्यात एकच उरलं होतं, की काटा टोचला आणि मला समजलं नाही.

चौथ्या दिवशी ठकूच्या गालावर फोड आला.

तो बारीकच होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. पण आईच्या पदराखाली पिताना जो गाल पदराला लागतो, त्याच गालावर. सुभद्रेनं तो पाहिला आणि पोर सासूच्या मांडीवर अक्षरशः टाकली. "घ्या हिले! मी नाई शिवत आता हिले, माह्यामुळंच झालं," असं ओरडत ती अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. ठकू हात पसरून रडत होती. सुभद्रा दोन्ही हात पाठीमागे धरून नुसती बघत होती.

त्याच दिवशी ती मळ्याच्या टोकाला, राखणीच्या खोपीत राहायला गेली. तिला कोणी घालवलं नाही, हे पुंजाराम पुढे जन्मभर सांगत राहिला. खरं आहे. पण कोणी अडवलंही नाही. तो रोज भाकर बांधावर ठेवायचा आणि वीस पावलं मागं सरून उभा राहायचा. तो भीत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत होती, म्हणून तो जमिनीकडे बघत बोलायचा.

"ठकूचा फोड वाढला का?" ती पहिलं हेच विचारायची.

"नाई. सुकून राहिला."

ही बातमी चांगली होती, पण तिनंच सुभद्रेचा उरलासुरला धीर खचवला. आईपासून दूर नेलं आणि लेकरू बरं झालं. मग रोग कुठं होता हे आणखी कोणी सांगायला हवं? इकडे तिचे स्वतःचे फोड हटत नव्हते. एक वाळला की दोन येत, आता पाठीवरही आले. तिनं एक जुनं लुगडं फाडून छाती बांधली, दूध आटावं म्हणून. पहिले दोन दिवस ताप भरला. नंतर दूध खरंच ओसरलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

जातीचे पंच येत्या बाजाराच्या दिवशी बघायला येणार होते. त्यांनी मान हलवली की संपलं. मग नाल्यापलीकडे झोपडी, वेगळं मडकं, आणि ठकूला लांबूनही तोंड दाखवायचं नाही. पुंजारामाची दुसरी सोयरीक होईल हेही सुभद्रेला कळत होतं. पण ते तिला तितकंसं वाटत नव्हतं. ठकूला आपला चेहरा आठवणार नाही, ह्या विचारानं मात्र ती दिवसाढवळ्या घामानं भिजायची.

बाजाराच्या आदल्या दिवशी गंगूबाई आली. ही त्या वस्तीची वरठीण. दर घराचे कपडे ती धुवायला न्यायची आणि कोणाच्या घरचं कोणतं लुगडं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. गाठोडं सोडलं, चाळलं आणि मैनाबाईला म्हणाली, "सूनबाईचं लुगडं कुठी हाय? मांगच्या खेपेलेबी नव्हतं."

"माहेरी गेली थे."

"माहेरी गेली अन् लेकरू इथं ठेवून गेली?"

मैनाबाईला खोटं पेलवेना. तिनं पदर तोंडाला लावला आणि जे होतं ते सांगून टाकलं, कान, हात, काटा, सगळं. गंगूबाई ऐकत असताना तिची नजर ठकूच्या गालावरच्या वाळत्या डागावर होती. ती उठली आणि थेट खोपीकडे चालायला लागली. मागून मैनाबाई ओरडत होती, "शिवू नको व माय!"

सुभद्रा तिला बघून आत सरकली. "येऊ नको, गंगूबाई. दूर राह्य."

"हात दाखव."

"नाई."

गंगूबाईनं तिचं मनगट धरलं आणि उन्हात ओढलं. फोड पाहिले, फोडांच्या कडेचा काळपट रंग पाहिला, पदरावरचे काळे ठिपके पाहिले. मग खोपीतलं अंथरूण बाहेर काढलं. वखारीत फाटलेलं एक पोतं सुभद्रेनं आणलं होतं, खोपीत आल्यापासून त्याच्यावरच ती झोपत होती. पोत्याच्या मधोमध व्यापाऱ्याची मोठी काळी खूण होती.

"हे कायचं काढते तुहा मुकादम?"

"शाई हाय."

"तुह्या मुकादमाची शाई! अवो, बिबा हाय हा. बिब्याचं तेल अन् चुना. आमी कपड्यावर खुणा करतो त्यानंच. माह्या सासऱ्याचे हात अशेच उतायचे, फोडानं भरायचे." ती खाली बसली. "आता सांग, ह्या फोडांत आग होते का?"

"लय होते."

"खाज?"

"जीव जाते खाजेनं."

"मंग महारोग कायचा? त्याचा चट्टा ना खाजत, ना आग करत. अन् थो असा चार दिवसांत आईवरून लेकरावर उडी मारत नाई. लेकरू तुह्या पदरानं उतलं. पदर सुटला, लेकरू बरं झालं. तू मातर बिब्यावरच झोपून राहिली."

"पन काटा?" सुभद्रेनं तळहात पुढे केला. "हातात काई समजत नाई मले."

गंगूबाईनं पायाजवळचा काटा उचलला आणि स्वतःच्या तळहातात रोवला, चांगला खोल. "मलेबी नाई समजत. वीस वर्सं दगडावर कपडे आपटले मी, तू दोन सालं दाभण रेटलं. घट्टा पडला आपल्याले. घट्ट्याले काय समजते?" मग तोच काटा तिनं सुभद्रेच्या दंडाला, चांगल्या कातडीला, हलकाच लावला. सुभद्रा किंचाळली.

बांधावर पुंजाराम आणि मैनाबाई दोघंही उभे होते. पुंजाराम एकदम पुढे आला आणि ते पोतं उचलून आगकाडी शोधायला लागला. गंगूबाई त्याच्यावर खेकसली, "जाळू नको! त्याचा धूरबी उतते, सारे डोळे सुजवून बसाल. पुरून टाक." मैनाबाईला तिनं तीळ वाटायला आणि लोणी काढायला पाठवलं. फोड फोडायचे नाहीत, नखं लावायची नाहीत, हे लुगडं आता अंगावर नको, आणि वखारीत गेलीच तर हाताला तेल चोळून, फडकं गुंडाळून, खूण वाळल्याशिवाय पोत्याला हात लावायचा नाही. हे सगळं तिनं दोनदा बजावलं. त्या बाईचं नाव कोणत्या कागदावर सापडत नाही, म्हणून निदान इथं तरी असू दे.

सगळ्यांची खात्री पटली; उद्या पंचांनाही हेच सांगायचं ठरलं. सुभद्रेची मात्र पटली नव्हती. अंगाला तिळाचा लेप लावून, सासूचं जुनं लुगडं नेसून ती अंगणात आली, पण हात मांडीखाली दाबून बसली. काट्यानं ओरडले ती भीतीनंच ओरडले, असं तिला वाटत होतं. अकरा दिवस एकच गोष्ट खरी मानली की ती अशी एका दुपारी सुटत नाही. मैनाबाईनं ठकूला समोर आणलं तर ही मागं सरली.

"घे तिले."

"नको, आत्याबाई. आनखी थोडे दिवस पाहू."

मैनाबाईनं पुढे वाद घातला नाही. तिनं खाली बसून सुनेची चोळी सोडली आणि पोर सरळ छातीशी लावली. ठकू आधी बावरली. हुंगलं, तोंड फिरवलं, पुन्हा हुंगलं. मग ओढायला लागली. दूध नव्हतंच. तिनं चिडून हिरड्या आवळल्या आणि सुभद्रा कळवळून ओरडली. पोरीच्या ओठात बोट घालून तिनं पाहिलं. खालच्या हिरडीला दोन पांढरे दात आले होते.

"दुखलं," ती म्हणाली. मग सासूकडे बघून रडत रडत मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, लय दुखलं मले! अन् तिले दात आले, मले कोनी सांगतलंबी नाई."

ठकूनं पुन्हा चावा घेतला. सुभद्रेनं मांडीखालचे दोन्ही हात काढले आणि तिला घट्ट धरलं.