हरू न देणारे सासरे

सासऱ्याने मुलीच्या घरी किती दिवस राहावं, याबद्दल कुठल्या पोथीत काही लिहून ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तरी लिफ्टमास्तरांनी ते वाचलं नसतं. सदतीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. त्या धंद्यात वाचायची पाटी एकच, 'क्षमता आठ माणसं', आणि ती त्यांना तोंडपाठ होती.

आले होते आठ दिवसांसाठी. गुडघा मुरगळला होता, घरात एकटेच, म्हणून मुलगी जाऊन त्यांना घेऊन आली. घेऊन आली म्हणजे काय, जप्त करून आणलं. ही मुलगी गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेते. मांडीवर पॅड ठेवून शेजारच्या सीटवर बसते आणि चकार शब्द बोलत नाही. नुसतं पेन कागदाला टेकवलं की दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारे गडी रिव्हर्स घेताना रडकुंडीला येतात. ती म्हणाली, "बाबा, बॅग भरा." बाबांनी भरली.

गुडघा तिसऱ्या आठवड्यात बरा झाला आणि मास्तरांनी ही गोष्ट अगदी मनात ठेवली. आता अकरावा आठवडा चालू होता. मुलगी कामावर गेली की मास्तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ताडताड चालत जात, बिस्किटांचे दोन पुडे आणत, वर दुकानदाराशी उभ्या उभ्या अर्धा तास गप्पा मारत. संध्याकाळी तिच्या चपला दारात वाजल्या, की गुडघ्यात कळ येई. आख्ख्या गल्लीला हे माहीत होतं. गल्लीला काय माहीत नसतं.

यात पिचला तो जावई. जावई कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे साचे पाठवतात, हा त्यावर मेण बसवतो, दात लावतो, प्लॅस्टरमध्ये दाबून पाण्यात उकळतो आणि शेवटी घासूनपुसून चकचकीत करतो. हे सगळं मागच्या खोलीत चालायचं. त्या खोलीत आता मास्तरांची खाट होती आणि जावयाचं दुकान स्वयंपाकघरात आलं होतं. एका शेगडीवर भाजी शिजे, दुसरीवर कुणाचे तरी दात. साखरेच्या डब्याला चिकटून प्लॅस्टरचा डबा बसला. एकदा तर मास्तरांचा चहा कपातच घट्ट झाला, आणि चमचा त्यात झेंड्यासारखा उभा राहिला.

"जावईबापू, चहा आज जरा दाट झालाय," एवढंच मास्तर म्हणाले.

दुसरा कुणी असता तर त्याने दुसऱ्या आठवड्यात तोंड उघडलं असतं. पण हा स्वभावाने असा, की गिऱ्हाइकाने वरची कवळी खाली बसवली तरी हाच माफी मागेल. माझी खोली परत हवी, हे चार शब्द त्याच्या जिभेवर रोज येत आणि दातांशी अडत.

दात पाण्यात उकळायला दीडेक तास लागतो. तेवढ्यात करायचं काय, म्हणून जावयाने पूर्वीच एक गेमचा कन्सोल घेऊन टीव्हीला जोडला होता आणि त्यावर राज्य उभारायचा एक लांबलचक खेळ खेळायचा. सुरुवातीला हातात असते एक वस्ती आणि एक कुऱ्हाडवाला. त्यातून शहरं वसवायची, रस्ते काढायचे, जहाजं, तोफा, आगगाड्या असं करत करत पुढे जायचं. दोघं खेळत असले तर आळीपाळीने. आपली पाळी झाली की कंट्रोलर दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि आपण उठून स्वयंपाकघरात जायचं, त्याची चाल बघायची नाही. जिंकायच्या वाटा दोन. एक तर दुसऱ्याची राजधानी घ्यायची, नाहीतर त्याच्या आधी चंद्रावर यान धाडायचं.

मास्तरांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमच्या त्या पुलाला कोणी बघतं का? की बांधला आणि विसरलात?" चौथ्या दिवशी कंट्रोलर त्यांच्या हातात होता.

आणि काय सांगावं, म्हातारा खेळला तो मेंटेनन्सच्या माणसासारखा. त्यांच्या राज्यात एकाही शहराची वस्ती आठाच्या वर गेली नाही. नववा माणूस आला की मास्तर त्याला नव्या वस्तीवर पाठवत. "लोड वाढवायचा नाही. दोरी तुटली की मग बोंबलतात." दर दहा पाळ्यांनी सगळे रस्ते तपासायचे, सगळी धान्यकोठारं बघायची. लढाई नाही, बंड नाही, दुष्काळ नाही. कंटाळवाणं राज्य, पण असं भक्कम, की बघता बघता अर्धा नकाशा त्यांच्या रंगाचा झाला. जावयाकडे मोठमोठे मनोरे होते, बागा होत्या आणि उपाशी प्रजा होती.

सहाव्या आठवड्यात जावयाने अवसान गोळा केलं आणि जेवताना विचारलं, "बाबा, मग पुढचं काय ठरवलंय?"

मास्तर पाणी प्यायले. "हा डाव संपला की निघतो. अर्धवट काम टाकून मी आजवर कुठल्या इमारतीतून बाहेर पडलेलो नाही."

मुलीने मान हलवली. ती पॅडवर खूण करताना हलवते, तशी. म्हणजे ठरलं.

आणि दुसऱ्याच दिवसापासून जावई हरायला लागला.

हरायला लागला म्हणजे कसून मेहनतीने. सरहद्दीवरचं सगळं सैन्य जहाजात घालून समुद्राच्या पार टोकाला पाठवून दिलं. तट पाडले. राजधानीची वाट मोकळी ठेवली, पायघड्या तेवढ्या अंथरायच्या बाकी होत्या. मास्तरांचे हत्ती रस्ता दुरुस्त करायला चाललेले, ते वाट चुकून जावयाच्या एका शहरात शिरले आणि शहर पडलं. जावई स्वयंपाकघरात दातांचं भांडं ढवळत मनातल्या मनात पेढे वाटत होता. बाहेर येऊन बघतो तो शहर परत त्याच्याच रंगाचं.

"हे काय, बाबा?"

"चुकून आलं होतं माझ्याकडे. परत केलंय. कोठार गळत होतं, तेही बांधून दिलं."

"अहो, पण तुम्ही जिंकलं होतं ते. ठेवा की."

"दार सताड उघडं होतं म्हणून आत गेलो. त्याला जिंकणं म्हणत नाहीत, त्याला शेजारधर्म म्हणतात."

असं महिनाभर चाललं. जावयाने शहर टाकायचं, सासऱ्याने झाडून पुसून परत करायचं. प्रजा उपाशी मरायला लागली की मास्तर गव्हाची गलबतं पाठवत. दुनियेत जावयांना सासऱ्याकडून काय काय मिळालं असेल, पण पराभव मागून मिळाला नाही असा हा एकटाच.

शेवटी कवळीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हरता येत नसेल तर जिंकायला कुणाची हरकत आहे? त्याने सगळ्या शहरांत शाळा काढल्या, बागा मोडून प्रयोगशाळा उभ्या केल्या, आणि दहाव्या आठवड्याच्या शेवटी मास्तरांनी कंट्रोलर हातात घेतला तेव्हा पडद्यावर निरोप होता: शेजारच्या राज्याने यानतळ बांधायला घेतला आहे, बारा पाळ्यांत यान सुटेल.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. निरोप तोच होता.

पेच असा होता. हल्ला करावा तर राजधानी आपल्या हातात पडते, डाव संपतो, बॅग भरा. हल्ला न करावा तर यान चंद्रावर जातं, डाव संपतो, बॅग भरा. आता कुणी म्हणेल, जावं की आपल्या घरी, अडचण काय? घर चौथ्या मजल्यावर आहे, पण तिथली लिफ्ट मास्तरांनी स्वतः जोपासलेली, लोण्यासारखी चालते. अडचण वर पोचल्यावर होती. तिथे पंखा कितीही जोरात लावा, कमी करा म्हणणारं कुणी नाही. आठवड्यातून एकदा विमा घ्या म्हणून एका बाईचा फोन येई. मास्तर तिला दहा मिनिटं बोलतं ठेवत. अलीकडे तिच्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज येऊ लागला होता, आणि तो काही विचारलं तरी थांबत नसे.

तेव्हा मास्तरांनी हेर तयार केला. यानतळात शिरायचं आणि यंत्र बिघडवायचं, एवढंच त्याचं काम. पण बटण दाबेना. सदतीस वर्षांत या माणसाने बिघडलेलं यंत्र सुरू केलं होतं. चालतं यंत्र बंद पाडायचं, तेही न सांगता, हे त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. पाटी लावल्याशिवाय त्यांनी कधी लिफ्ट थांबवली नव्हती. जावई आत ओट्याशी होता. या खेळात आपल्या माणसांना हवं ते नाव देता येतं. मास्तरांनी एकेक अक्षर निवडत, अकरा मिनिटं खर्चून हेराला नाव दिलं: 'दुरुस्ती चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व'. मग त्यांचं मन शांत झालं आणि त्यांनी हेर पाठवला.

पहिल्या खेपेला फत्ते. जावयाचं यान पाच पाळ्या मागे गेलं. तो कपाळाला हात लावून बसला, मास्तरांनी सहानुभूती दाखवली, बिस्किट पुढे केलं. दुसऱ्या खेपेला हेर पकडला गेला, आणि खेळाने पडद्यावर त्याचं नाव ठळक अक्षरांत छापलं.

जावयाने ते वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग त्याच्या हातातून कंट्रोलर सुटला आणि सोफ्याखाली गेला.

"बाबा, हे तुम्ही?"

"काय ते?"

"हे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"पाटी लावावी लागते," मास्तर म्हणाले. बोलता बोलता ते उकिडवे बसले, वाकून सोफ्याखाली हात घातला, कंट्रोलर काढला आणि कुठेही न धरता सरळ उभे राहिले. नेमक्या त्याच क्षणी दारात मुलगी उभी होती. परीक्षेच्या मैदानाची भिंत सकाळीच एका उमेदवाराने पाडली होती, म्हणून लवकर आली होती.

"गुडघा?" ती म्हणाली.

"आता कुठे बरं वाटायला लागलंय," मास्तर म्हणाले.

"तिसऱ्या आठवड्यापासून बिस्किटं कोण आणतं, ते दुकानदार मला रोज सांगतो, बाबा."

तिने पर्स खुंटीला लावली आणि खुर्ची ओढून बसली. पेन नव्हतं हातात, पण दोघांनाही ते दिसत होतं. आत दातांचं पाणी खदखदत होतं. आणि ज्या तोंडातून पाच आठवड्यांपूर्वीही एक मुळमुळीत प्रश्नच निघाला होता, त्यातून अखेर चार शब्द बाहेर पडले.

"मला माझी खोली पाहिजे."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. "एवढंच होतं? मग पहिल्याच दिवशी सांगायचं, जावईबापू. त्यासाठी चंद्रावर कशाला निघालात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता?"

"आताही वाटत असेल."

"वाटतंय. पण खोली तुमची आहे, ती घ्या. माझी खाट बाहेर येईल, इथे, टीव्हीसमोर."

जावई इतका खुलला की दुसरं वाक्य ऐकण्याआधीच हो म्हणून बसला. संध्याकाळपर्यंत त्याची मोटर, साचे, बरण्या, सगळं मागच्या खोलीत गेलं. मोटर थरथरत असे, तिचे बोल्ट मास्तरांनीच आवळून दिले. रात्रीची भांडी घासताना जावयाच्या लक्षात आलं, की आपण कोपऱ्यातला एक प्रांत घेतला आणि टीव्ही, कन्सोल, पंखा आणि सदर दरवाजा यांसकट राजधानी सासऱ्याला दिली. कागदावर सही तेवढी झाली नव्हती.

तरी शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दुपारी मास्तरांनी नवा हेर पाठवायचं सोडून दिलं आणि म्हणाले, "आता सोडा तुमचं यान. मी आडवा येत नाही." सात पाळ्यांत यान सुटलं. पडद्यावर फटाके उडाले, जावयाच्या राजाचा पुतळा आला. मुलगी दाराला टेकून बघत होती.

मास्तर उठले. खाटेखालून बॅग काढली आणि शर्टांच्या घड्या घालायला लागले. "चांगला खेळलात. शाळा काढल्यात ते बरं केलंत. चला, डाव संपला."

जावई पडद्याकडेच बघत होता. मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं, दार लावून घेता येत होतं, सगळं मनासारखं झालं होतं. त्याने कंट्रोलर हातात फिरवला.

"बाबा, पुढचा नकाशा छोटा घेऊ की मोठा?"

शर्टाची घडी अर्ध्यावर थांबली. "मोठ्याला किती वेळ लागतो?"

"तुम्ही जसे खेळता तसे खेळलात तर? दीड वर्ष."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. तिने आधी खाटेकडे पाहिलं, मग बापाकडे.

"दीड वर्ष म्हणजे ही गादी चालणार नाही," ती म्हणाली. "उद्या नवी आणते. आणि बाबा, पंखा कमी करा."

मास्तरांनी पंखा कमी केला, शर्ट तसेच बॅगेवर टाकले, आणि पहिल्या वस्तीसाठी नदीकाठची जागा शोधायला बसले.